मिनिटं न वाजणारं घड्याळ

२ फेब्रुवारी, रविवार

धाकटा भाऊ श्रीशैल दुपारी सोलापूरहून आला आणि दोन्ही घड्याळं माझ्या हवाली करून गेला. माझ्या बायकोनं, शांतानं, जेवायचा आग्रह केला, पण त्यानं चहा घेतला तेवढाच.

शिवानंदकाका डिसेंबरात गेले. त्यांनी लग्न केलं नाही, आणि उभी हयात स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यांत यंत्रं जुळवण्यात घालवली. म्हातारपणी परत आले ते श्रीशैलच्या घरी राहिले. माणूस साधा, दोन सदऱ्यांवर वर्ष काढणारा. हौस एकच, घड्याळांची. त्यातही आयुष्यात दोनच घेतली, पण अशी की त्यांचे फोटो पाहायला माणसं पैसे मोजतील. जाण्याआधी दोघा पुतण्यांना सांगून ठेवलं होतं, "एकेक घ्या. थोरल्यानं आधी निवडायचं. विकायचं न्हाय आणि भांडायचं न्हाय."

मी श्रीशैलला विचारलं, "तुला कुठलं हवंय?"

"अण्णा, तुम्ही आधी निवडा. महिनाभर दोन्ही वापरून बघा. मला कुठलंबी चालतंय."

असं म्हणाला आणि एका डबीवरची धूळ रुमालानं पुसत बसला. धूळ नव्हतीच. मग ती डबी दिली.

तीस वर्षं अणदूरच्या शाळेत भूगोल शिकवला. मुलांना एकच सांगत आलो, आधी निरीक्षण, मग नोंद, मग निष्कर्ष. म्हणून ही वही. घाईनं निवडणार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

पूजा आटोपून ओट्यावर उन्हात दोन्ही घड्याळं मांडून बसलो.

पहिलं सूर्याचं. त्याला तास-मिनिटांच्या काट्यांशिवाय आणखी एक काटा आहे, टोकाला इवलासा सोन्याचा सूर्य. आपण घड्याळ पाळतो ती सरासरी काढलेली वेळ. खरा सूर्य तसा चालत नाही, वर्षात कधी पुढं जातो, कधी रेंगाळतो. हा काटा खऱ्या सूर्याबरोबर चालतो. सध्या मिनिटकाट्याच्या बराच मागं आहे, कारण फेब्रुवारीत सूर्य रेंगाळतो. हे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं, पण मनगटावर चालताना आज पहिल्यांदा पाहिलं. तारखेचीही एक खिडकी आहे. कुठला महिना किती दिवसांचा, हे त्याला ठाऊक आहे म्हणे.

दुसरं बोलकं. दिसायला साधं, पांढरी तबकडी, दोन काटे. पण डाव्या कडेची पट्टी सरकवून सोडली की ते वेळ वाजवून सांगतं. आधी तास, जाड आवाजात. मग जितके पाव तास झाले असतील तितक्या जोड्या, एक बारीक ठोका नि एक जाड. शेवटी उरलेली मिनिटं, नुसत्या बारीक आवाजात. डोळे मिटून वेळ कळते. काकांनी ते पंधराएक वर्षांपूर्वी याच ओट्यावर वाजवून दाखवलं होतं. तो बारीक आवाज मला अजून आठवतो, पाण्याचा थेंब पितळी तांब्यात पडावा तसा.

५ फेब्रुवारी, बुधवार

गुण देण्याची पद्धत ठरवली. दिसणं, वाचायला सोपं, वेळेचा नेमकेपणा, कारागिरी आणि उपयोग.

दिसण्यात दोन्ही सारखी. कारागिरीत बोलकं पुढं. काकांनी सांगितलेलं आठवतं, त्या ठोक्यांसाठी आत केसाएवढ्या तारा गोल वळवून बसवलेल्या असतात आणि एकच कारागीर महिनोन्महिने कान लावून त्यांचा सूर जमवत असतो. सूर्याच्या घड्याळात भिंगातूनही दिसेल-न दिसेल असं एक काजूच्या बीसारखं वाकडं चाक आहे. त्याचा आकार म्हणजेच सूर्याचं वर्षभराचं चालणं. हेही थोर. पण ते डोक्याला पटतं, बोलकं जिवाला लागतं.

शांता म्हणाली, "दहा घेता?" मी म्हणालो, दहा अजून वाजायचेत. ती कपबशी हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिली. चहा विचारत होती. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोलक्या घड्याळात काहीतरी खोट आहे.

सकाळी साडेदहानंतर वाजवलं. दहा ठोके आले, जरा थांबून आणखी दोन, मग काही नाही. म्हणजे बारा. जोडीतला बारीक ठोका येत नाही, जाड तेवढा येतो. आणि शेवटची मिनिटं तर अजिबात नाहीत. पुन्हा वाजवलं. तेच.

मी विचारात बसलेलो असताना शांता आतून आली. "अहो, कुकरला किती शिट्ट्या झाल्या! शेजारीच बसलाय, गॅस बारीक करायचा का न्हाय?"

मी काही ऐकलं नव्हतं. घड्याळात इतकं लक्ष होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सूर्याच्या घड्याळाची परीक्षा. अंगणात ओळंब्यानं सरळ काठी रोवली आणि तिची सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते बघत बसलो. घड्याळात पाऊण वाजत आला तेव्हा झाली. सूर्याचा काटा तेव्हा साडेबाराच्या अलीकडंच होता. उरलेला फरक आपण देशाच्या वेळेच्या रेघेपासून पश्चिमेला राहतो त्याचा. हिशेब तंतोतंत जुळला. एकटाच हसलो. वर्गात चाळीस मुलं असती तर टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

कठड्यावर चिमण्या पुष्कळ आल्यात. पण यंदा गप्प असतात. चोची हलतात, आवाज नाही. उन्हाळा लवकर लागतोय त्याचा परिणाम असावा.

बोलकं आज चारदा वाजवलं. मिनिटं नाहीतच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शांताला घड्याळांचं सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "आपला खंडोबा थोडे दिस नळदुर्गात ऱ्हातो, बाकीचे अणदूरला. दोन गावं देव वाटून घेतेत. तुमा भावांना दोन घड्याळं वाटंनात व्हय?"

मी म्हणालो, वाटायला हरकत नाही, पण एक बिघडलेलं निघालंय.

"कुठलं?"

"वाजणारं."

"वाजतंय की चांगलं. मला आतमधी ऐकू येतंय."

तास तिलाही ऐकू येत असणार. मिनिटांचं तिला काय ठाऊक. मी समजावून सांगायला लागलो तशी तिनं मान खाली घातली आणि खडे वेचत राहिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मनात एक विचार येतोय तो लिहू की नको असं झालंय. पण वही खरी ठेवायची तर लिहायला हवा.

काकांच्या हातात हे घड्याळ पूर्ण वाजत होतं, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. त्यानंतर ते श्रीशैलच्या घरात होतं. म्हणजे जे झालं ते तिथं झालं. पडलं असेल, आपटलं असेल. आणि मला न सांगता दोन्ही पुढ्यात ठेवून "कुठलंबी चालतंय" म्हणाला. मी सूर्याचं घेतलं तर त्याची चूक झाकली जाते. मी बोलकं घेतलं तर बिघाड माझ्या माथी. दोन्हीकडून तो सुटतो.

श्रीशैल असा नाही. पण माणूस कसा आहे हे आपण ऐकून थोडंच ठरवतो, पुराव्यानं ठरवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुरावा मिळाला. घड्याळाचा आवाज फोनमध्ये भरला आणि लावून ऐकला. तास आहेत, मिनिटं नाहीत. यंत्राला काही माया-ममता नसते.

तो आवाज श्रीशैलला पाठवला आणि खाली लिहिलं, "ऐक. मिनिटं वाजत नाहीत. काकांच्या खोलीत कुणाच्या हातून पडलं असेल तर आधी सांगायचं होतंस. बिघडलेली वस्तू थोरल्या भावापुढं ठेवून कुठलंही चालतं म्हणणं बरं नाही."

पाठवून फोन उपडा ठेवला. शांताला सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्यानं वाचलं. निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं, एवढंच, "अण्णा, मी रविवारी येतो."

ना होय, ना नाही. ज्याच्या मनात काही नसतं तो चिडतो, फोन करतो. हा शांतपणे येतोय, म्हणजे कबूल करायला येतोय. मी रागावणार नाही असं ठरवलंय. कबूल केलं की विषय संपवायचा.

शांता म्हणाली, भाऊजी रविवारी येतायत ना? तिला कसं कळलं? म्हणे त्याचा काल तिच्या फोनवर फोन आला होता, बराच वेळ बोलत होते दोघं. मला सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

श्रीशैल दुपारी साडेतीनला आला. माझ्या पाया पडला, बसला. मी घड्याळ पुढं केलं आणि म्हणालो, "वाजव तू."

त्यानं पट्टी सरकवली. तास वाजले. मग मधले जाड ठोके. मग घड्याळ गप्प झालं. पण श्रीशैल गप्प घड्याळाकडं बघत होता आणि त्याची मान बारीक बारीक हलत होती. मला ते नाटक वाटलं.

"झालं?" मी विचारलं.

"आत्ता झालं, अण्णा."

"मिनिटं कुठं वाजली?"

त्यानं शांताकडं बघितलं. तीही खाली बघायला लागली. दोघांचं आधीच बोलणं झालेलं, हे मला माहीत होतं. माझा आवाज चढला. मी म्हणालो, असं नाही चालायचं, पारख करू. तू ओट्याच्या पार टोकाला जा, रस्त्याकडं तोंड करून उभा राहा. शांता, तू स्वयंपाकघरात, दाराआड. एकमेकांना दिसायचं नाही. मी मधल्या खोलीत वाजवतो. शेवटी बारीक ठोके किती पडले ते बोटांवर दाखवायचं. आधी मला एकानं, मग दुसऱ्यानं.

भूगोलाच्या मास्तरला हाच मार्ग ठाऊक.

वाजवलं. मी तास ऐकले, तीन. मग तीन जाड. मग काही नाही. घड्याळ तळहातावर होतं आणि कातडीला आतून कुणीतरी नखानं टोकरल्यासारखं वाटत होतं, पण आवाज नव्हता.

स्वयंपाकघरात गेलो. शांतानं आठ बोटं धरली होती. दोन अंगठे मिटलेले. ओट्यावर गेलो. श्रीशैलनं मागं वळून न बघता हात वर केले. आठ बोटं.

काटे पाहिले. तीन वाजून पंचेचाळीस आणि वर आठ.

थोडं थांबून पुन्हा केलं. या खेपेला दोघांची दोन दोन बोटं. चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी मधल्या खोलीत खाली बसलो. शांता जवळ आली, शेजारी बसली. तोंड माझ्याकडं करून, सावकाश म्हणाली, "दोन वर्सं झाली. म्या मोठ्यानं बोलले की तुमाला वाटतंय चिडले. हळू बोलले की वाटतंय पुटपुटते. काय करू मी?"

"सांगायचं."

"चारदा सांगितलं. तुमाला ऐकू आलं न्हाय."

हे बोलून तिला हसू आलं आणि लगेच डोळ्याला पदर लावला. ओट्यावर श्रीशैल तसाच रस्त्याकडं तोंड करून उभा होता. त्याला कुणी वळ म्हटलंच नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सोलापूर. कानाचे डॉक्टर. श्रीशैल स्टँडवर घ्यायला आला होता.

काचेच्या खोलीत बसवून कानांवर टोपणं लावली. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी बटण दाबलंच नाही, आणि काचेपलीकडं डॉक्टरीण बाई मान डोलवत लिहीत राहिल्या. वय तिशीच्या आत. माझ्या विद्यार्थिनीची मुलगी शोभेल.

मग कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं पठारासारखी सपाट, उजवीकडं बालाघाट उतरावा तशी एकदम खाली. नकाशे वाचत आलोय, समजावायची गरज पडली नाही. पठार म्हणजे जाड आवाज, ते शाबूत आहेत. उतारावर बारीक आवाज. शिट्टी, पाखरं, च आणि श ही अक्षरं, बायकांचं बोलणं. वयोमानानं बारीक आधी जातात, म्हणाल्या, सावकाश जातात म्हणून कळत नाही. दोन्ही कानांना मशीन लागेल. माप घेतलं. आठ-पंधरा दिवसांत मिळेल.

तिथून श्रीशैलच्या घरी गेलो. तो खाली गाडी लावत होता. त्याची बायको शुभांगी मला काकांच्या खोलीत घेऊन गेली. खाट तशीच आहे, गादी गुंडाळून ठेवलेली. मी विचारलं, घड्याळ कुठं ठेवायचे?

ती माझ्यासमोर येऊन, तोंड दिसेल अशी बोलली. तिलाही माहीत असणार.

"उशीखाली. शेवटी शेवटी त्यांना हाक मारता येत नव्हती, भाऊजी. काही लागलं की घड्याळ वाजवायचे. तेवढ्या आवाजानं हे उठून जायचे. कधी कधी काही नकोच असायचं, नुसतंच वाजवायचे. मग हे जाऊन त्यांच्याजवळ बसायचे." पुढं म्हणाली, "अजून पहाटे उठून बसतेत. मी विचारलं तर म्हणतेत, वाजल्यासारखं वाटलं."

जिन्यात श्रीशैलची पावलं वाजली. ती मी ऐकली. ती जाड होती.

चहा घेताना मी त्याच्याकडं नीट बघू शकलो नाही. ज्या माणसानं घड्याळाच्या हाकेला ओ दिली, त्याला मी लिहिलं होतं, काकांच्या खोलीत कुणाच्या हातून पडलं असेल तर सांगायचं होतंस.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

उपवास. देवळात जाऊन आलो. पुजाऱ्यानं घंटा वाजवली ती छातीत घुमली. शांताबरोबर येता-जाता तिच्या उजव्या बाजूनं चाललो. डावा कान थोडा बरा आहे असं रेघेवरून कळलं होतं. ती वाटभर बोलत होती. शेताबद्दल, लेकीच्या फोनबद्दल, गुडघ्याबद्दल. निम्मं कळलं. उरलेलं मी पुन्हा विचारलं आणि तिनं न कंटाळता पुन्हा सांगितलं.

१ मार्च, शनिवार

काल अठ्ठावीस होती. आज सकाळी सूर्याच्या घड्याळानं आपणहून एक तारीख दाखवली. फेब्रुवारी आखूड असतो हे त्याला ठाऊक होतं. एरवी यावर पानभर लिहिलं असतं आणि गुण वाढवले असते. आज गुणांचा तक्ता फाडला.

श्रीशैलला आता कळवावं की भेटून सांगावं, यावर दिवसभर विचार केला. लिहून एकदा घोळ घातलाय.

२ मार्च, रविवार

सकाळच्या एसटीनं सोलापूरला गेलो. शांता येते म्हणाली, मी एकटाच जातो म्हणालो. तिनं डब्यात शेंगापोळ्या दिल्या, त्याच्या आवडीच्या.

श्रीशैल घरी होता. मी डबी त्याच्या पुढ्यात ठेवली. "हे तुझं. माझं ठरलं. सूर्याचं मला."

त्यानं डबीला हात लावला नाही. "अण्णा, मशीन येऊ द्या. एकदा पुरतं ऐका, मग ठरवा. आत्ता ठरवणं बरोबर न्हाय. तुम्ही अर्धंच ऐकलंय."

"मशीन माझ्या कानासाठी आहे. घड्याळ तुझ्यासाठी आहे. पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"काकांनी सांगितलं होतं, थोरल्यानं आधी निवडायचं. मी मागितलं असतं तर तुम्ही लगेच दिलं असतं. मग ते निवडणं कसलं?"

खरं आहे. दिलं असतं. आणि त्यानं मागितलं म्हणून दिलं, हेही लक्षात ठेवलं असतं.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी जे लिहिलं..."

"कवाच पुसलं मी ते."

"पुसलंस तरी मी लिहिलं होतं. चुकलो मी, श्रीशैल."

तो उठला. मला वाटलं बाहेर जातोय. पण आतून पाणी घेऊन आला आणि माझ्या शेजारीच बसला, अगदी चिकटून, लहानपणी ताटाला बसायचा तसा. आम्ही शेंगापोळी मोडून खाल्ली. शुभांगीनं तूप वाढलं. काकांच्या गोष्टी निघाल्या. थंडीत खिडकीबाहेर बर्फ आणि आत ज्वारीची भाकर थापणारे काका. तिथल्या कारखान्यातल्या साहेबाला त्यांनी शेंगाचटणी खायला घातली होती आणि साहेबाच्या डोळ्यांतून पाणी. श्रीशैल सांगत होता, मी त्याच्या ओठांकडं बघत होतो आणि जवळजवळ सगळं कळत होतं.

निघताना मी म्हणालो, "एकदा वाजव. तुझं म्हणून."

त्यानं डबी उघडली, घड्याळ काढलं, पट्टी सरकवली. तास वाजले, बारा. ते मी ऐकले. मग एक जाड ठोका, तोही ऐकला. मग शांतता झाली. तेव्हा श्रीशैलनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उताणा केला, आणि एका बोटानं माझ्या तळहातावर ठोके द्यायला लागला. हलके, एकसारखे, एकामागून एक. घड्याळाबरोबर. मी डोळे मिटले आणि मोजत गेलो.

सव्वाबारावर सहा मिनिटं झाली होती.